जड छर्रा की हलका? गावात एअर पिस्तूल सुरू करणाऱ्यांसाठी

एअर पिस्तूल घरात आलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न उभा राहतो. दुकानदार म्हणतो जड घ्या, सरळ जातो. तालुक्यातला कोच म्हणतो पिस्तुलाला हलकाच. मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस तिसरंच काही सांगतो. तिघेही आपापल्या पिस्तुलापुरते बरोबर असतात. तुमच्या पिस्तुलाचं उत्तर मात्र तुमच्याच नळीतून काढावं लागतं, आणि त्याला एक मोकळी दुपार, दोन-तीन प्रकारचे छर्रे आणि थोडी चिकाटी पुरते.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की लोक कोल्हापूरकडे बोट दाखवतात. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे, सगळे तिकडचे. आपल्याकडे यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीच्या खेड्यातल्या पोराला रेंज गाठायची तर अर्धा दिवस एसटीतच जातो. म्हणून सराव घरीच होतो, आणि घरी सराव करणाऱ्याला शेजारी बसून सांगणारं कोणी नसतं. हे लिहिलंय ते त्याच्यासाठी.

आधी गावाचं आणि कायद्याचं

४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीचं आतलं माप) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर हत्याराला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेची पिस्तुलं ६ जूलच्या आसपास असतात, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. तरी दुकानातून ओळखपत्र देऊन पक्कं बिल घ्या. पोरगा शाळेत असेल तर बिल पालकांच्या नावाने घ्या. बिलाची एक झेरॉक्स पिस्तुलाच्या पेटीत कायम ठेवा.

मग पोलीस पाटलांच्या कानावर घाला. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण खेड्यात शहाणपणाचं आहे. खेळाचं पिस्तूल लांबून खऱ्यासारखंच दिसतं, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या नाकाबंदीत ते समजावून सांगायला रात्रीची वेळ बरी नसते. एसटीत नेताना रिकामं, पेटीत बंद. पेटीबाहेर काढून कोणाला दाखवायचं नाही, मामेभावालाही नाही.

आणि वांदरं. पिस्तूल गावात आल्याची बातमी पसरली की कोणीतरी ओट्यावर येऊन बसतंच: "काहून बापा, यानं वांदरं पयतीन का?" उत्तर एकच, नाही. वांदर, रोही (नीलगाय), रानडुक्कर, ससा, मोर, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात. शिवाय सहा जूलचा छर्रा जनावराला मारत नाही, जखमी करून सोडतो. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायची वाट वेगळी आहे, ती या पिस्तुलातून जात नाही. एकदा नाही म्हणालात की लोक पुन्हा विचारत नाहीत. एकदा हो म्हणालात तर मात्र तुम्ही गावाचे कायमचे वांदर-हाक्या झालात.

जागा

मारणाऱ्याच्या रेषेपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत बरोबर १० मीटर. टेपने मोजा, पावलांनी नको. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच. जुन्या वाड्याची लांब पडवी, कापूस उचलून नेल्यावर रिकामी झालेली खोली, टिनाची शेड, काहीही चालतं. मात्र मधल्या भागात दार उघडत नसावं. दार असेलच तर सरावाच्या वेळी आतून कडी. कोंबडी आणि लहान पोर या दोघांनाही वेळ-काळ कळत नाही.

टार्गेटमागे छर्रा अडवायला पेटी लागते. लाकडी खोक्यात मागच्या बाजूला जाड लोखंडी पत्रा, त्याच्यापुढे घट्ट दाबून भरलेल्या चिंध्या किंवा जुनी वर्तमानपत्रं, आणि सगळ्यात पुढे टार्गेटचा कागद. नुसत्या भिंतीवर किंवा नुसत्या पत्र्यावर मारलं तर शिसं उलटून येतं, म्हणून डोळ्यावर चष्मा हवाच, पेटी कितीही चांगली असली तरी. टार्गेटवर प्रकाश भरपूर हवा. स्पर्धेत तो किमान १५०० लक्स असतो. घरी एक-दोन चांगले एलईडी बल्ब टार्गेटवर रोखून लावले की काम होतं, फक्त ते तुमच्या डोळ्यावर येऊ नयेत. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होत असेल तर चाचणीचं काम दिवसाच उरका.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण त्यांना सवलत नाही. तोंड कायम टार्गेटकडे. साईट, म्हणजे नेम धरायची खूण, टार्गेटच्या काळ्या गोलावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसेल अशी रंगीत दोरी.

छर्ऱ्याचं वजन

स्पर्धेचा छर्रा पुढून सपाट असतो, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडण्यासाठी. त्याचे ढोबळ दोन गट. हलका साधारण ०.४५ ते ०.५० ग्राम, डब्यावर बहुतेक वेळा 'पिस्तूल' असं लिहिलेला. जड साधारण ०.५३ ग्राम, 'रायफल' लिहिलेला. काही डब्यांवर वजन ग्रेनमध्ये असतं: ७ ग्रेन म्हणजे ०.४५ ग्राम, ८.२ ग्रेन म्हणजे ०.५३. 'रायफल' लिहिलंय म्हणून पिस्तुलात चालत नाही असं काही नाही. दोन्ही ४.५ मिलिमीटरचेच, आणि जड छर्रा वापरणारे पिस्तूलवाले भरपूर आहेत.

जडाने नेमकं काय होतं ते गणितानेच पाहू. समजा पिस्तूल ६ जूल ऊर्जा देतं. ०.५३ ग्रामचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास निघेल, ०.४५ ग्रामचा १६३ च्या आसपास. १० मीटर जायला पहिल्याला सेकंदाचे ६७ हजारांश भाग लागतील, दुसऱ्याला ६१. तेवढ्या वेळात जड छर्रा साधारण २२ मिलिमीटर खाली येतो, हलका १८. फरक तीन-चार मिलिमीटरचा. टार्गेटवर एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर असतं. म्हणजे जड-हलक्याचा सगळा वाद अर्ध्या रिंगच्या आत बसतो, आणि तोही साईटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवला की संपतो.

मग वजनाची चर्चा करायचीच कशाला? कारण नळी. प्रत्येक नळीचं आतलं माप केसभर वेगळं असतं, आणि छर्ऱ्याच्या डोक्याचं मापही ४.४९, ४.५०, ४.५१ असं बदलतं. छर्रा नळीत ना सैल ना घट्ट बसला तर एकाच्या पोटात एक जातो, म्हणजे छर्रे एकाच भोकातून जातात. एखाद्या नळीला जड छर्रा मानवतो तो पुष्कळदा वजनामुळे नसतो, त्या कंपनीच्या त्या डब्यातलं डोकं तिला जुळलेलं असतं. सुनेला सासर मानवलं का, हे शेजाऱ्यांना विचारून कळत नाही, नळीचंही तसंच.

एक गोष्ट मात्र वजनाचीच. जड छर्रा नळीतून बाहेर पडायला किंचित जास्त वेळ घेतो. ट्रिगर दाबल्यावर हात लगेच सैल सोडायची सवय असेल तर ती हालचाल जड छर्ऱ्यात जास्त उमटते. मोडून भरायची स्प्रिंगवाली स्वस्त पिस्तुलं तर आधीच मंद असतात आणि सुटताना झटकाही देतात. त्यांच्यात मी हलकाच वापरायला सांगेन. आणि स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा न घालता कधी उडवू नका. समोर अडवणारं काही नसलं की पिस्टन जाऊन आदळतो आणि सील फाटतं.

ओतीव गोळी आणि खरं पिस्तूल

इंटरनेटवर वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो: अमेरिकेतले लोक अर्धस्वयंचलित पिस्तुलात घरी ओतलेल्या जड शिशाच्या गोळ्या वापरतात, मग तसं आपण का नाही? थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे आणि करण्यासारखं काही नाही.

तिथे प्रकार उलटा असतो. आपला जड छर्रा खाली लागतो. काडतुसाच्या पिस्तुलात जड गोळी बहुधा वर लागते. ती नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं. वजन बदललं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाण्याचा जोर बदलतो, स्प्रिंग जुळवावी लागते. गोळी लांब असेल तर ती काडतुसात जास्त खोल बसते आणि आतला दाब वाढतो. शिसं मऊ असेल तर ते नळीला चिकटतं, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. हे सगळं तोलून धरणं हा स्वतंत्र छंद आहे.

भारतात तो छंद घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. "थोडंसंच केलं, स्वतःपुरतं" हे ठाण्यात चालत नाही. काडतुसाचं पिस्तूल खेळायचंच असेल तर २५ मीटरच्या प्रकारांकडे क्लब आणि संघटनेच्या वाटेने, परवान्यानेच जावं लागतं, आणि तिथे कारखान्यातलीच काडतुसं मिळतात. तिथवर जाणारे बहुतेक जण एअर पिस्तुलातूनच वर गेलेत.

चाचणी

वेगवेगळ्या बनावटीचे दोन किंवा तीन डबे घ्या, त्यात एक तरी जड आणि एक तरी हलका. पूर्ण डबा ५०० चा असतो. शक्य असेल तर रेंजवरच्या ओळखीच्या खेळाडूकडून शंभर-शंभर मागून घ्या. चांगले छर्रे बाहेरून येतात, त्यामुळे न वापरलेले चार डबे कपाटात पडून राहणं परवडत नाही.

आधी नजरेने निवडा. काचेच्या तुकड्यावर छर्रे हळूच लोळवा. ज्याची मागची घागरी दबलेली असेल तो गोल न फिरता वाकडा जातो, तो सरळ बाजूला. डबा पोस्टाने आला असेल तर असे बरेच निघतात. कोणी छर्रे एकेक करून तोलतात. सराफाच्या दुकानात मिलिग्रामपर्यंतचा काटा असतो आणि ओळखीचा सराफ पाच मिनिटं बसू देतो. एका डब्यातले वीस तोलून बघायला हरकत नाही. चांगल्या डब्यात फरक इतका थोडा असतो की त्यापुढे तोलण्यात वेळ घालवू नये.

टेबलावर वाळूची पिशवी ठेवा. ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) पुढचा सांगाड्याचा भाग पिशवीवर टेकवा. नळी किंवा, दाबाच्या हवेचं पिस्तूल असेल तर, नळीखालचं हवेचं सिलिंडर टेकवायचं नाही, तिथे दाब पडला की नेम सरकतो. दोन्ही हातांनी धरा. इथे आपण हाताची परीक्षा घेत नाही, म्हणून हाताचा दोष जेवढा काढता येईल तेवढा काढायचा.

प्रत्येक नव्या छर्ऱ्याचे पहिले दहा-पंधरा मोजू नका. आधीच्या छर्ऱ्याचा शिशाचा पातळ लेप नळीत असतो, तो बदलून नवा बसायला तेवढे लागतात. मग पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेले पाच छर्रे, प्रत्येक ग्रुपला वेगळा कागद. कागदावर डब्याचं नाव, लॉट नंबर (कारखान्यात एका वेळी बनलेल्या मालाचा नंबर) आणि सिलिंडरचा दाब लिहा. तीन डबे असतील तर आधी एक, दोन, तीन असे जा, मग तीन, दोन, एक असे परत या. सरळ क्रमानेच गेलात तर शेवटच्या डब्याच्या वाट्याला तुमचे थकलेले डोळे येतात आणि बिचारा उगीच नापास होतो. या परतीच्या फेरीतही नळी नव्या छर्ऱ्याला सरावायचे दहा-पंधरा सोडायचेच.

ग्रुप मोजायचा तो दोन सगळ्यात लांबच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधून. त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा, म्हणजे भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. व्हर्नियर असेल तर उत्तम, नाहीतर कंपासपेटीतली पट्टी चालेल. एकाच सुंदर ग्रुपवर भाळू नका, सगळ्यांची सरासरी काढा.

आता निकाल लावताना हे ध्यानात ठेवा. दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची, आणि कागदी टार्गेटवर छर्रा रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. नव्या खेळाडूचे छर्रे मात्र सगळ्या काळ्या भागात, म्हणजे सात ते दहाच्या ५९.५ मिलिमीटरच्या वर्तुळात पडले तरी तो दिवस चांगला म्हणायचा. अशा वेळी एका डब्याचा ग्रुप दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर लहान आला म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. फरक थोडा असेल तर जो स्वस्त आणि वर्षभर मिळणारा, तोच घ्या. फरक मोठा असेल, म्हणजे एक डबा एका भोकात आणि दुसरा पसरट, तर प्रश्नच उरला नाही.

छर्रा ठरला की साईट जुळवा. मागची साईट जिकडे सरकवाल तिकडे मार सरकतो: छर्रे खाली लागत असतील तर मागची साईट वर. किती क्लिकला मार किती सरकतो ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतर वर्षभर छर्ऱ्याचा विषय बंद ठेवा आणि ट्रिगर, पकड, श्वास यांच्यावर काम करा. ज्यांच्यात सोय आहे अशा पिस्तुलात ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा आणि हवा न वापरता नुसता ट्रिगरचा सराव. त्याला खर्चही नाही आणि वीजही लागत नाही. नजर पुढच्या साईटवर स्पष्ट, काळा गोल धूसर. हे जमायला जितका वेळ लागतो तितका कुठल्याच छर्ऱ्याने वाचत नाही.

हवा, ऊन, शिसं

दाबाच्या हवेच्या पिस्तुलाचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे होत नाही, तो दहा बारच्या आसपासच थांबतो. खेड्यात हातपंप हाच खरा पर्याय. पावसाळ्यात हवेत ओल फार असते, म्हणून पंपाचा ओल काढायचा भाग वेळेवर बदला आणि मध्ये थांबून पंप गार होऊ द्या.

वेल्डिंगच्या दुकानात किंवा दवाखान्यात ऑक्सिजनचं सिलिंडर दिसतं आणि कोणीतरी म्हणतं, यातून भरून देतो. कधीही नाही. आतल्या तेला-ग्रीसला दाबाखालचा ऑक्सिजन लागला तर पिस्तूल हातातच फुटू शकतं. सिलिंडरवर बनवल्याचं वर्ष कोरलेलं असतं. साधारण दहा वर्षांनंतर ते वापरातून काढतात, त्यामुळे जुनं पिस्तूल विकत घेताना आधी तिथे बघा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो. २५ अंशाला २०० बार भरलेलं सिलिंडर ४५ ला २१३ पर्यंत चढतं, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून वर. म्हणून उन्हाळ्यात १८० वर थांबा आणि प्रवासात सावलीत ठेवा. सराव सकाळी सहा-सातला करा. कूलरचा झोत टार्गेटच्या वाटेवर येऊ देऊ नका, आणि घामाचा हात दर काही फैरींनी पुसा.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, शर्टाच्या खिशात सुपारीसोबत ठेवू नका. सराव झाल्यावर साबणाने हात धुवा, त्याआधी बिडी, खर्रा, चहा काहीच नाही. पेटीपुढची जमीन कोरड्या झाडूने झाडली तर शिशाची धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. गोळा झालेलं शिसं भंगारवाल्याला द्या, घरच्या चुलीवर वितळवू नका. जिथे पोरं खेळतात किंवा धान्य वाळतं तिथे रेंज करू नका.

स्पर्धेला जाताना

शालेय स्पर्धांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात. मोठ्यांच्या स्पर्धेत ६० फैरी, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटं, कागदी असेल तर ९०. आधी पंधरा मिनिटं तयारीची. पिस्तूल तपासतात: ट्रिगर किमान ५०० ग्राम, वजन १५०० ग्रामपर्यंत, आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत पूर्ण मावलं पाहिजे. ट्रिगर घरीच तपासून न्या. ५०० ग्रामचं वजन सुतळीने ट्रिगरला अडकवून, नळीचं तोंड वर करून पिस्तूल उभं उचलायचं, वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही म्हणजे झालं.

छर्रे नेताना चाचणी केलेल्या त्याच लॉटचे न्या. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा डबा लॉट बदलला की थोडा वेगळा वागू शकतो. म्हणून आवडलेल्या लॉटचे दोन-तीन डबे एकदमच घ्यायचे. एक उघडा, बाकीच्यांच्या झाकणाला चिकटपट्टी, कारण पावसाळ्याच्या ओलीत शिशावर पांढरी भुकटी धरते. नवा लॉट घ्यावाच लागला तर वाळूची पिशवी पुन्हा टेबलावर ठेवा, दहा-पंधरा सोडून द्या आणि पाच-पाचचे दोन ग्रुप मारून जुन्या कागदाशेजारी धरून बघा.